गाडीतली बाई

सहदेवला मोबाइलची गरजच काय, असं कुंभिवलीत एके काळी सगळे म्हणायचे. त्यानं अंगणातून हाक मारली की पार पलीकडच्या शिवारात खत टाकणारा माणूस "काय रं?" म्हणून मान वर करायचा. निम्मं आयुष्य त्यानं पत्र्याच्या कंपनीत मशीनशेजारी काढलं होतं. तिथं शेजारच्याकडं चुना मागायचा तरी छातीचा भाता करावा लागे. कंपनी सुटली, पण सवय सुटली नाही. देवळात हळूच नवस बोलला तरी तो बाहेर चपला सांभाळणाऱ्याला तोंडपाठ व्हायचा.

असा हा माणूस घरात मात्र मुका. म्हणजे बायकोशी. इंदूबाई लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू, सासरा, चुलता आणि दोन थोरल्या जावा होत्या. त्यांच्यादेखत बायकोशी बोलणं म्हणजे कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळणं. "चावी?" "खुंटीला हाय." "येतो." "बरं." एवढ्या भांडवलावर दोघांचा संसार झाला, ऋतिक झाला, तो शिकला आणि पुण्याला नोकरीलाही लागला. म्हातारी माणसं एकेक करून गेली, भाऊ वेगळे झाले, घरात दोघंच उरली. आता कुणाची भीड नव्हती. पण बोलायचं काय, हेच दोघांना ठाऊक नव्हतं. समोरासमोर बसून जेवायची आणि टीव्हीकडं बघायची.

मग गाडी आली. सात सीटांची, पांढरी. कर्जत स्टेशनवरून फार्महाउसच्या पाहुण्यांना न्यायचं, खालापूरच्या कचेरीत काम असलेल्यांना पोचवायचं, लग्नसराईत वऱ्हाड उचलायचं, असा सहदेवनं धंदा धरला. ऋतिकनं सुट्टीत येऊन फोन गाडीला जोडून दिला आणि स्टिअरिंगवरचं बटण दाखवलं. "फोन हातात धरायचा नाय बाबा. हे दाबा आणि नुसतं बोला. गाडी ऐकते."

गाडी ऐकते म्हटल्यावर एके दुपारी कर्जतहून रिकामा येताना सहदेवनं बटण दाबून घरी फोन लावला. विचारायचं इतकंच होतं, कोथिंबीर आणू का. इंदूबाई म्हणाली, आणा. आता फोन ठेवायचा, तर ठेवायला हातात फोनच नाही! बटण कुठलं ते त्याला आठवेना. गप्प बसणं बरं दिसेना, म्हणून तो समोर दिसेल ते सांगत सुटला. "आता फाटक लागलंय. एक म्हातारा बोकड घेऊन उभा हाय. बोकडाच्या गळ्यात टाय हाय."

"टाय?" इंदूबाई म्हणाली.

"शाळेतल्या पोराचा असल. म्हाताऱ्यापरीस बोकडच सायब दिसतोय."

आणि इंदूबाई हसली. तोंडाला पदर लावून नव्हे, चांगली खदखदून. सहदेवनं गाडी कडेला घेतली. बायको अशी हसते हे त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्याला खरंच भरून आलं आणि लगोलग असंही वाटलं, की आणखी दोनचार बोकड भेटायला पाहिजेत.

त्या दिवसापासून वेडच लागलं. गिऱ्हाईक उतरलं की बटण. इंदूबाई फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून भाजी चिरायची आणि सहदेव तिला सगळा रस्ता सांगायचा. तीही बोलायला लागली. सरपंच कसा चालतो, जावेच्या वड्या कशा दगड होतात, मारुतीच्या देवळातली घंटा कुणी ढापली असेल, प्रत्येक गोष्टीवर या बाईचं ठाम मत होतं आणि त्यानं ते कधी विचारलं नव्हतं! घरी आल्यावर मात्र पुन्हा "वाढू?" "वाढ." जे काही होतं ते गाडीतच होतं. पन्नाशी उलटलेला हा गडी स्वतःच्या बायकोच्या प्रेमात पडला होता आणि सांगणार कुणाला, सगळे त्याचं लग्न जेवून गेलेले.

दसऱ्याला इंदूबाईनं गाडीची पूजा केली. साधीसुधी नव्हे. ज्या गाडीनं नवरा बोलका केला तिला काय कमी करायचं? झेंडूचा हार, नारळ, आणि वाटीत कालवलेलं दाटसर कुंकू. चाकं, आरसे, गिअर, सीटचे पट्टे, काहीही तिनं सोडलं नाही.

आणि नेमकं त्यानंतर बिनसलं. आधी फोनवर गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "काका, ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोला."

मोठ्यानं बोला! सहदेवला! नाकाला मिरच्या झोंबल्या त्याच्या. तो ओरडला. तरी पलीकडं म्हणे, तोंडात गोधडी कोंबल्यासारखं येतंय. इंदूबाईलाही निम्मंअर्धंच कळायला लागलं. बोकडाची गोष्ट सांगावी तर ती विचारायची, "कोण मेलं?"

मग सुरू झाले उपाय. एसी बंद केला, घामानं निथळला. काचा लावल्या, उघडल्या, पुन्हा लावल्या. फोनचं कव्हर काढलं. ऋतिकनं पुण्याहून सांगितल्याप्रमाणं फोन गाडीतून काढून नव्यानं जोडला. कुणी म्हणालं रेंजचा दोष, म्हणून टेकाडावर गाडी चढवून बोलला. फरक शून्य. शेवटी चौकला गजाकडं गेला.

गजाचं हायवेला लागून दुकान होतं. सीटकव्हर, हॉर्न, टेप, लाइटी. कुठल्याही दुखण्यावर गजाचं औषध एकच, वाढव. त्यानं गाडीत बसून पडद्यावर बोटं नाचवली, कुठंतरी आत शिरून माइकची ताकद शेवटच्या टोकाला नेली, फोनचा आवाज टोकाला नेला आणि वर दारात दोन नवे दणदणीत स्पीकर ठोकले.

"घ्या दादा. आता मुंगी शिंकली तरी पलीकडं ऐकू जाईल."

सहदेव खुशीत निघाला आणि हायवेला लागताच त्यानं बटण दाबलं. इंदूबाईचा आवाज दाही दिशांनी गाडीत घुमला. "अहो, जेवलात का?"

"जेवलो की. आणि तू?"

पलीकडून एकदम हलक्या आवाजात, "गाडीत कोण हाय?"

"कुणी नाय. रिकामा हाय मी."

"मंग आत्ता कोण बोललं?"

"मीच बोललो."

"बाईचा आवाज होता."

"अगं, बाई कुठली!"

"ऐका, ऐका! पुन्हा बोलली! मी बोलले की बोलती, माझ्या पाठोपाठ. चिडवती मला!" आणि फोन खट्टकन बंद.

सहदेवला काही उमजेना. त्याच्या कानांना तर गाडीत बायकोशिवाय कुणाचाच आवाज आला नव्हता. घरी पोचला तर दाराला कुलूप. शेजारची चिंधीकाकू किल्ली घेऊन ओट्यावर बसलेलीच होती, आणि नुसती किल्ली देऊन गप्प बसणारी ती बाई नव्हे.

"भावाकडं गेली ती, कडावला. सांगून गेली, त्यास्नी म्हनावं तिलाच आणा आता घरात." काकूनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ती बाई तुला 'अहो' म्हनली म्हनं. अहो, जेवलात का!"

आता इकडं बाई परक्या पुरुषाला दादा म्हणेल, भाऊ म्हणेल, शेठसुद्धा म्हणेल. पण पुढंमागं काही न लावता, असं लाडात येऊन नुसतं 'अहो, जेवलात का' म्हणायचं ते एकालाच. चोरून कुणाला गाडीत घेतलं असतं तर एकवेळ भांडून मिटलं असतं. पण 'अहो' म्हणजे मामला पक्का, सगळं ठरून गेलेलं. म्हणून इंदूबाई भांडली नाही. सरळ पिशवी भरली आणि एसटी धरली.

सहदेव घरात येऊन पाटावर बसला आणि त्याच्या पोटात खड्डा पडला. रुसवा कसा काढतात हेच त्याला ठाऊक नव्हतं, कारण रुसायला आधी बोलावं लागतं. पण खोटं कशाला सांगा, थोड्या वेळानं खड्ड्याशेजारी भलतंच काहीतरी गुदगुल्या करायला लागलं. आपल्यामागं बाई! टक्कल पडलेल्या, गुडघे वाजणाऱ्या आपल्यामागं बाई असू शकते, असं निदान एका माणसाला वाटलं, आणि तो माणूस म्हणजे खुद्द बायको. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. उठून आरशात बघून त्यानं उरलेले केस विंचरले आणि मग स्वतःचीच लाज वाटून कंगवा ठेवून दिला.

सकाळी गाडीत ऋतिकचा फोन आला. "बाबा, आवाज आला एकदाचा! पण माझंच बोलणं मला परत ऐकू येतंय. तुमचे स्पीकर इतके मोठे आहेत, की माझा आवाज तिथं वाजतो आणि माइक तोच उचलून मला परत पाठवतो."

"तुझाच आवाज? तुला परत?"

"हो. मी हॅलो म्हटलं की तिकडून मीच हॅलो म्हणतोय."

सहदेवनं स्टिअरिंगवर हात आपटला, हॉर्न वाजला, पुढचा रिक्षावाला वळून शिव्या देऊन गेला. बाई सापडली! बाई म्हणजे इंदूच!

पण हे इंदूला पटवायचं कसं? गाडीतून फोन केला तर ती बाई पुन्हा बोलणार. म्हणून त्यानं खाली उतरून, फोन कानाला लावून फोन केला. आता स्वच्छ एकटाच आवाज. इंदूबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिला उतरवून फोन करताय व्हय? कळतं मला." खट्ट. त्यानंतर तिनं फोन उचललाच नाही.

मग सहदेवनं खालापूरचं भाडं दुसऱ्याला दिलं आणि गाडी थेट कडावच्या रस्त्याला लावली. रस्ताभर त्याला बोलायला इतकं काय काय दिसलं! एका टेंपोवर चक्क उलट्या पलंगांची चळत आणि वर झोपलेला माणूस. बघून त्याचा अंगठा बटणाकडं गेला आणि परत आला. ऐकणारं कुणी नसेल तर रस्ता म्हणजे नुसतं डांबर, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि फार लागलं.

मेव्हणा किशोर अंगणातच होता. इंदूबाई पायरीवर मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, पण सोलायचा वेग वाढला.

"किशोर," सहदेव म्हणाला, "तिला सांग, फोन उचल म्हणावं. मी गाडीत बसतो, काचा लावतो. गाडी आधी सगळ्यांनी बघून घ्या. डिकीसुद्धा."

इंदूबाई उठली आणि खरंच सगळी गाडी बघून आली. सीटखालीसुद्धा वाकून पाहिलं. तोवर शेजारपाजारचे कुंपणाला लागलेच होते. सहदेव आत बसला, काचा वर केल्या, बटण दाबलं. किशोर म्हणाला, "ताई, स्पीकरवर टाक. आमालाबी ऐकू दे तिचं." आत सहदेवला काचेआडून बायकोचे हातवारे दिसत होते आणि फक्त तिचाच आवाज ऐकू येत होता. अंगणात काय ऐकू आलं ते किशोरनं त्याला नंतर इतक्या वेळा सांगितलं, की आपण बाहेरच उभे होतो असं त्याला वाटायला लागलंय.

"कोण गं तू?" इंदूबाई फोनवर गरजली.

"कोण गं तू?" फोनमधली बाई गरजली. कुंपणावर सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

"मी त्यांची बायको!"

"मी त्यांची बायको!"

"अगं बया! लाज वाटती का?"

"अगं बया! लाज वाटती का?"

"मीच इचारतीय तुला, उलटून बोलू नको!"

"मीच इचारतीय तुला, उलटून बोलू नको!"

"उतर गाडीतनं!"

"उतर गाडीतनं!" आणि गाडीत तर टकलावरचा घाम पुसणारा सहदेव सोडून कुणीच नाही. कुंपणावरची एक आजी देवाचं नाव घ्यायला लागली. इंदूबाईचा चेहरा लालबुंद झाला, तिनं मोठा श्वास घेतला, पुढची शिवी ओठावर आणली आणि रागाच्या भरात तिला जोराचा ठसका लागला.

फोनमधल्या बाईलाही ठसका लागला. तसाच. शेवटी बारीक शीळ वाजणारा.

इंदूबाई थांबली. फोनकडं बघून तिनं मुद्दाम खोटं खोकून पाहिलं. बाईही खोटं खोकली. "किशोर," इंदूबाई अगदी हळू म्हणाली. "किशोर," बाई म्हणाली.

"ताई, ही बाई कोण ते मला नाय म्हाईत," किशोर पोट धरून म्हणाला, "पण मला लहानपणापास्नं हाका मारती ती हीच!"

अंगण फुटलं. कुंपणावरचा एक जण हसून हसून मेथीच्या वाफ्यात बसला. इंदूबाईला मात्र दुसरंच काही बोचलं होतं. तिनं फोन तोंडाशी धरला. "अहो, माझा आवाज असा हाय? एवढा चिरका?"

आता गजानं माइक शेवटच्या टोकाला नेलेला, नि त्यात हा सहदेवचा आवाज. शिवाय आत एकटाच बसलोय अशा समजुतीत तो बोलून गेला, "चिरका कुठला, येडे! त्यो ऐकायसाठीच तर मी दिवसभर फोन करतो. कालपास्नं गाडीत बसू वाटत नाय मला!"

हे अंगणाला ऐकू आलं, गोठ्याला ऐकू आलं, रस्त्यापलीकडच्या गिरणीत दळण टाकणारी बाई पीठ सांडून बाहेर आली. इंदूबाईनं पदर इतका खाली ओढला की नाकही दिसेना. पण पदराखाली खांदे हलत होते, आणि ते रडण्यानं नव्हते.

मग ती तरातरा गाडीपाशी आली आणि दार उघडून म्हणाली, "हिचा कान कुठं हाय तो दावा मला."

सहदेवनं वर दिव्याशेजारची माइकची बोटाच्या पेराएवढी जाळी दाखवली. दोघांनी माना वर केल्या. जाळी लालभडक होती. वर मधोमध अक्षतेचा एक तांदूळ चिकटून वाळला होता. गाडीला कुंकू लावणारं बोट कुठलं हे सांगायची गरज नव्हती.

सहदेव काही बोलला नाही. इतक्या वर्षांच्या मुकेपणाचा त्याला पहिल्यांदाच उपयोग झाला.

"पूजा म्हनली की सगळीकडं लावायचं असतं," इंदूबाई म्हणाली. "कान हाय तर सांगायचं होतं, नुसता टिळा लावला असता." आणि बांगडीतली सेफ्टी पिन काढून, जीभ दातात धरून, तिनं हलक्या हातानं कुंकू टोकरायला सुरुवात केली. तांदूळ निघाला, ढलप्या निघाल्या, दोघांच्या तोंडावर लाल भुरका उडाला. किशोरनं जुना दातांचा ब्रश आणून दिला. सहदेवनं ऋतिकला विचारून गजानं वाढवलेलं सगळं खाली आणलं. मग इंदूबाई फोन घेऊन गोठ्यामागं गेली.

"येतंय का ऐकू?" ती तिथून म्हणाली.

"येतंय. आणि तुला?"

"तुमचंच येतंय. नुसतं तुमचं. पिशवी आत भरलेली हाय. घ्या गाडीत."

किशोरनं वालाचं बिरडं खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. ऊन कलल्यावर दोघं निघाली. इंदूबाई पुढं, सहदेवशेजारी. आणि इथंच पंचाईत झाली. आता फोन नाही, मध्ये अंतर नाही, ती हातभरावर बसलेली, आणि सहदेवची वाचाच बसली. कर्जत गेलं, कुणी बोललं नाही. त्यानं एकदा खाकरून बघितलं. तिनं पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. गाडी दुरुस्त झाली, माणसं मात्र होती तिथंच आली की काय? घरी गेल्यावर पुन्हा "वाढू?" "वाढ"? चौकला गजानं दुकानातून हात केला, तेवढंही सांगायला त्याचं तोंड उघडेना.

चौक मागं पडलं तशी इंदूबाईनं मान खिडकीकडं वळवली आणि बाहेर बघतच म्हणाली,

"बोला की. मी लायनीवर हाय."

सहदेव एवढा मोठ्यानं हसला, की गाडी पट्ट्यावरून वाकडी गेली आणि मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. आणि मग जो बांध फुटला! टेंपोवरचा झोपलेला माणूस, शिव्या देणारा रिक्षावाला, आरशासमोर विंचरलेले केस, सगळं बाहेर आलं. कंगव्याचं ऐकून ती सीटवर आडवी व्हायची राहिली. मग तिची पाळी. एसटीत ती त्या गाडीतल्या बाईला मनातल्या मनात काय काय बोलली, किशोरच्या बायकोच्या आमटीत मीठ किती कमी होतं, आणि तिला न विचारता परसातली दुधीची रोपं कशी उपटून पिशवीत घातली. तो तिच्याकडं बघून हसत होता, ती "रस्त्याकडं बघा" म्हणून हसत होती. खालापूर कधी आलं नि गेलं, पत्ता नाही.

कुंभिवलीचा फाटा समोर आला तेव्हा इंदूबाई सासूनं एकदा मांजर कसं देवघरात कोंडलं ते सांगत होती, आणि गोष्ट अर्ध्यावर होती. सहदेवनं फाटा पाहिला. इंदूबाईनंही पाहिला. तिनं गोष्ट थांबवली नाही, त्यानं गाडी वळवली नाही. फाटा बाजूनं निघून गेला आणि गाडी तशीच सरळ खोपोलीच्या दिशेला चालत राहिली.